खाडीच्या गणितातलं करिअर

रबाळे स्टेशनच्या पूर्वेला एमआयडीसी आणि डेटा सेंटरं, पश्चिमेला वस्ती ओलांडली की ठाणे खाडी. इथल्या आईवडिलांना कॉम्प्युटरमधली नोकरी कळते. समुद्रविज्ञान म्हटलं की मात्र पाणबुडे आणि मासे डोळ्यांसमोर येतात आणि काळजी सुरू होते. प्रत्यक्षात या क्षेत्रातलं बरंच काम कॉम्प्युटरवरच चालतं. त्याला लागतं भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रामिंग.

काम कसं असतं? समुद्राचे कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यातलं तापमान, क्षारता आणि प्रवाह पुढच्या काही क्षणांत किती बदलेल ते समीकरणांनी काढायचं, मग त्यापुढच्या क्षणांचं, असं महिनोन्महिन्यांचं. किनाऱ्याजवळच्या समुद्रासाठी दोन-तीन किलोमीटरचा कप्पा बारीक समजतात, पण तेवढ्यात आपल्या खाडीची रुंदी जवळजवळ संपते. म्हणून इथे कप्पे कितीतरी लहान घ्यावे लागतात, आणि मग खरी पंचाईत होते. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. ओहोटीला कांदळवनापुढचा चिखल उघडा पडतो. कप्प्यातली खोली शून्यावर आली की शून्याने भागायची वेळ येते आणि प्रोग्राम कोसळतो. कोरड्या पडणाऱ्या कप्प्याचे नियम बसवण्यात हुशार माणसांची वर्षं गेली आहेत. तो चिखल वगळून चालत नाही, कारण फ्लेमिंगो चरतात ते तिथेच. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यात या पाखरांचा मोठा वाटा आहे.

प्रवाहांच्या गणितावर जीवसृष्टीचं गणित चढवतात: पोषकद्रव्यं, वनस्पती प्लवक, ते खाणारे प्राणी प्लवक, मेलेल्या जिवांचा गाळ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. माशांचं पोट त्यावरच भरतं. म्हणून मला हे काम कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं वाटतं.

वाट अशी: बारावीला गणित सोडू नये. पुढे भौतिकशास्त्र किंवा गणितात बीएस्सी, नाहीतर इंजिनिअरिंग. मग गोवा विद्यापीठ, कोचीनचं कुसाट विद्यापीठ किंवा आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण. कामाची ठिकाणं म्हणजे मच्छीमारांना लाटांचा आणि माशांच्या पट्ट्यांचा अंदाज देणारं हैदराबादचं इन्कॉइस, गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ), बंदरांचे अभ्यास करणारं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. बंदरं आणि सागरी बांधकामांच्या सल्लागार कंपन्याही आहेत.

पैशाचं स्पष्टच सांगते. संशोधनात जायचं तर पीएचडी हवी, त्यात पाचेक वर्षं जातात. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. कायम जागा थोड्या, स्पर्धा मोठी. घरात लगेच पगार यायलाच हवा असेल तर आधी इंजिनिअरिंग करून नोकरी धरावी, एमटेकला मागून यावं. शिकलेलं प्रोग्रामिंग हवामान किंवा डेटाच्या नोकरीतही चालतं.

आवड खरी आहे का, हे घरबसल्या कळतं. मुंबईच्या भरतीचं महिन्याचं कोष्टक घ्या, पायथनमध्ये आलेख काढा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) त्यात दिसतील. रोज भरती पाऊण-एक तास उशिरा का येते, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या का नसतात, हे प्रश्न मुलाने न सांगता विचारले, तर त्याला पुढच्या सुट्टीत खडकवासल्याला किंवा गोव्याला घेऊन जा.