एदलाबाद ते मुक्ताईनगर : एका मतदारसंघाची नोंद ठेवताना

शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीचं काम कुणाला चुकत नाही. मतदान अधिकारी म्हणून सुरुवात केली, पुढे केंद्राध्यक्ष झालो, आणि त्या निमित्ताने तापी-पूर्णेच्या पट्ट्यातले निकाल वहीत उतरवायची सवय लागली. आधीचा एदलाबाद, आताचा मुक्ताईनगर हा विधानसभा मतदारसंघ या वहीचा मुख्य विषय. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील इथून चार वेळा आमदार झाल्या, एकनाथ खडसे सहा वेळा. त्यामुळे चावडीवर विषय निघाला की तो या दोन नावांवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. मतदारसंघाचा इतिहास त्याहून बराच मोठा आहे. आपापल्या भागाची अशी नोंद ठेवायची कुणाची इच्छा असेल, तर अनुभवातून जे हाती आलं ते इथे लिहितो.

१. आधी हद्द बघा, मग आमदारांची यादी करा.

जळगाव जिल्ह्याच्या जुन्या निकालांत जळगाव जिल्हाच सापडत नाही. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुका मुंबई राज्याच्या, आणि आपला जिल्हा तेव्हा पूर्व खान्देश. धुळ्याकडचा तो पश्चिम खान्देश. त्या पश्चिम खान्देशातून पुढे १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे ‘धुळे जिल्ह्याचा निकाल’ असं म्हणताना कोणत्या सालचा धुळे जिल्हा, हे आधी ठरवावं लागतं.

आमच्याकडे २००४ ची निवडणूक एदलाबाद नावाने झाली आणि २००९ ची मुक्ताईनगर नावाने. बदललं ते नावच नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत जळगाव जिल्ह्यातले यावल आणि पारोळा हे मतदारसंघ गेले, जळगावचे शहर आणि ग्रामीण असे दोन झाले. धुळ्याकडे कुसुंबा गेला आणि धुळे ग्रामीण आला. बारा मतदारसंघांचा जळगाव जिल्हा अकरांचा झाला. आजच्या मुक्ताईनगरात मुक्ताईनगर आणि बोदवड हे तालुके आणि रावेर तालुक्याचा काही भाग आहे. सीमेवरच्या गावांचे मतदार एका निवडणुकीत एका आमदाराचे आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याचे झाले. २००४ आणि २००९ ची आकडेवारी शेजारी ठेवून ‘इतकी मतं वाढली, इतकी घटली’ असं लिहिणाऱ्याने ही गावं आधी वेगळी काढावीत. वहीत २००४ नंतर मी एक जाड रेघ मारली आहे आणि त्या रेघेच्या पलीकडची तुलना फार जपून करतो.

२. बालेकिल्ला म्हणण्याआधी मित्रपक्षाची मतं मोजा.

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण मुक्ताईनगरचं सगळं सार यात आहे.

प्रतिभाताई १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेल्या त्या जळगावमधून, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यानंतर १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा सलग चार निवडणुका त्यांनी एदलाबादमधून जिंकल्या. नाडगाव हे त्यांचं जन्मगाव याच पट्ट्यातलं. १९८५ मध्ये त्या राज्यसभेत गेल्या आणि हे पान मिटलं. १९९० मध्ये कोथळीचे एकनाथ खडसे भाजपकडून निवडून आले आणि २०१४ पर्यंतच्या सहाही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ च्या युती सरकारात मंत्री, २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते, २०१४ मध्ये महसूलमंत्री. एवढ्या कारकिर्दीकडे पाहून मतदारसंघ ‘नाथाभाऊंचा’ झाला, असं सगळेच म्हणत. मीही ते म्हणणं खोटं मानत नाही. इतक्या वर्षांत गावागावांत उभे केलेले कार्यकर्ते आणि केळीपासून पाटाच्या पाण्यापर्यंतच्या प्रश्नांवर घेतलेली मेहनत ही खरीच होती.

पण वही वेगळी गोष्टही सांगते. १९९० पासून २००९ पर्यंतच्या पाच निवडणुका शिवसेना-भाजप युतीच्या होत्या. कमळाला पडणाऱ्या मतांत धनुष्यबाणाचे मतदार मिसळलेले होते आणि ते वेगळे दिसायचा प्रसंगच येत नव्हता. सप्टेंबर २०१४ मध्ये युती तुटली. ती तुटल्याचं जाहीर केलं खुद्द खडसे यांनी. त्या निवडणुकीत इथे शिवसेनेचे चंद्रकांत निंबा पाटील उभे राहिले आणि राज्यातल्या पहिल्या फळीतल्या नेत्याचं मताधिक्य दहा हजारांच्या आत आलं. राज्यभर भाजपची लाट असताना हे घडलं. त्या रात्री विजयाच्या मिरवणुकीत हा आकडा कुणी पाहिला असेल असं वाटत नाही, पण २०१९ चा निकाल तेव्हाच दिसू लागला होता.

जून २०१६ मध्ये खडसे यांना मंत्रिपद सोडावं लागलं. २०१९ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही, कन्या रोहिणी खडसे यांना दिली. युती पुन्हा झाली होती, जागा भाजपकडेच होती, पण चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले. त्यांना ९१ हजार ९२ मतं पडली, रोहिणीताईंना ८९ हजार १३५. फरक १ हजार ९५७ मतांचा. कागदावर युती असली तरी २०१४ मध्ये वेगळे झालेले मतदार परत आले नव्हते.

२०२० मध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले. २०२४ मध्ये रोहिणीताई शरद पवारांच्या पक्षाकडून तुतारीवर उभ्या राहिल्या आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून लढलेल्या चंद्रकांत पाटील यांनी या वेळी वीस हजारांहून अधिक मतांनी जागा राखली. त्याच वर्षी खडसे यांच्या सूनबाई रक्षाताई रावेर लोकसभा मतदारसंघातून भाजपच्या तिकिटावर तिसऱ्यांदा खासदार होऊन केंद्रात राज्यमंत्री झाल्या. एकाच घरात दोन पक्ष आणि एकाच वर्षात दोन वेगळे निकाल. घराण्याच्या नावावर मतदारसंघ वाचणाऱ्यांनी हे दोन निकाल जरूर अभ्यासावेत.

३. दुसऱ्या क्रमांकाचं नाव कधीही गाळू नका.

विजेत्यांची यादी कुठेही मिळते. पुढची निवडणूक समजते ती हरलेल्यांच्या यादीतून. २०१४ मध्ये दुसरे आलेले चंद्रकांत पाटील २०१९ मध्ये पहिले आले. एरंडोलला चिमणराव पाटील आणि डॉ. सतीश पाटील यांच्यात २००९, २०१४, २०१९ अशी आमदारकी इकडून तिकडे फिरत राहिली आणि २०२४ मध्ये चिमणरावांचे पुत्र अमोल पाटील आले. पाचोऱ्यात २०२४ मध्ये माजी आमदार आर. ओ. तात्यांच्या कन्या वैशाली सूर्यवंशी आणि किशोर अप्पा पाटील ही चुलत भावंडं समोरासमोर होती; दोघांनाही शिवसेनेचा वारसा, फक्त सेना दोन. विजेत्याचं एकच नाव लिहिलं असतं तर यातलं काही कळलं नसतं.

४. वडिलांचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी करू नका.

खान्देशात माणूस भाऊ, अप्पा, तात्या, बापू, नाना या नावांनी ओळखला जातो. वहीला ते चालत नाही. २०१४ मध्ये अमळनेरहून अपक्ष निवडून आलेले शिरीष हिरालाल चौधरी वेगळे आणि २००९ मध्ये अपक्ष व २०१९ मध्ये काँग्रेसकडून रावेरहून आलेले शिरीष मधुकरराव चौधरी वेगळे. रावेरचे शिरीषभाऊ हे विधानसभेचे माजी अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांचे चिरंजीव. जळगाव ग्रामीणमध्ये तर लढतच गुलाबराव विरुद्ध गुलाबराव : २००९ मध्ये देवकर जिंकले, २०१४ मध्ये पाटील, आणि २०२४ मध्ये पुन्हा पाटील. ‘आमदार चंद्रकांत पाटील’ हे नाव २०१९ मध्ये कोथरूडमधूनही निवडून आलं होतं. वीस वर्षांनी कात्रण वाचणाऱ्या मुलाने हे ओळखायचं कसं?

५. निकाल केंद्रनिहाय वाचा.

मतदान केंद्रावरची सकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजाडायच्या आत अभिरूप मतदान होतं. प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतं टाकायची, मोजून दाखवायची, मग यंत्र शून्यावर आणायचं आणि त्या चाचणीच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. मग दिवसभर प्रतिनिधी यादीवर पट्टी सरकवत एकेका नावापुढे खूण करत बसतात. गावातला प्रतिनिधी कोण आत आला आणि कोण अजून यायचं आहे हे चेहऱ्यावरून सांगतो. संध्याकाळी यंत्र बंद केलं की एकूण मतांचा आकडा नमुना १७ क मध्ये भरायचा, प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची, सही घ्यायची. प्रत हातात पडताच तो आकडा पेनाने तळहातावर उतरवून घेणारी पोरं मी पाहिली आहेत, कारण बाहेर उभे असलेले कागदाची वाट बघत नाहीत.

मतमोजणीनंतर या केंद्रांचे आकडे नमुना २० मध्ये एकत्र येतात. मतदारसंघ खरा उलगडतो तो तिथे. २०१९ च्या १ हजार ९५७ मतांचा हिशेब करून पाहा. ९७९ मतदारांनी दुसरं बटण दाबलं असतं तर निकाल एका मताने उलटला असता. केंद्रं तीनशे धरली तर प्रत्येक केंद्रामागे फरक साडेसहा मतांचा. म्हणजे एका गल्लीतलं एक कुटुंब. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे मी हा हिशेब मांडतो आणि मांडत राहीन.

६. मताधिक्याला स्पर्धकांच्या संख्येशिवाय अर्थ नसतो.

धुळे शहरात २०१९ मध्ये एमआयएमचे फारुक शाह ४६ हजार ६७९ मतांवर निवडून आले. समोरची मतं राजवर्धन कदमबांडे, अनिल गोटे आणि शिवसेनेच्या उमेदवारांत वाटली गेली होती. २०२४ मध्ये ती एकवटली आणि भाजपचे अनुप अग्रवाल जिंकले. दुसरं टोक शिरपूरचं. २००९ मध्ये तो मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला आणि तिथले आधीचे आमदार अमरीशभाई पटेल यांना तिथून उभं राहता येईना. तेव्हापासून सलग चार निवडणुका काशिराम पावरा जिंकत आले आहेत, दोन काँग्रेसकडून आणि दोन भाजपकडून. २०२४ मध्ये त्यांचं मताधिक्य १ लाख ४५ हजारांवर गेलं. पक्ष बदलला आणि मतं सोबत गेली, याचं हे ठळक उदाहरण.

७. चिन्हं विचारा, पक्ष विचारू नका.

वयस्क मतदारांकडून माहिती घेताना ‘तुम्ही कोणत्या पक्षाला मत दिलं’ असं विचारलं की माणूस आखडतो. ‘तेव्हा चिन्हं कोणती होती’ असं विचारा, तो तासभर बोलेल. काँग्रेसच्या १९६७ च्या बैलजोडीवर, १९७२ च्या गाय-वासरावर, १९८० च्या पंजावर, जनसंघाच्या पणतीवर. म्हाताऱ्या आया-बायांना वर्ष आठवत नाही, पण कोणत्या चिन्हाच्या वेळी घरात कोण लहान होतं ते पक्कं आठवतं. त्यावरून वर्ष काढता येतं. बायकांशी बोलणं तर टाळूच नका. ज्या मतदारसंघाने १९६७ पासून सलग चार वेळा बाईला निवडून दिलं, तिथे तेव्हा बायका स्वतःच्या मताने मत देत होत्या का, हे फक्त त्याच सांगू शकतात. १९६७ ला एकवीस वर्षांची असलेली मतदार आज ऐंशीच्या घरात आहे.

जळगाव जिल्ह्यात अकरा आणि धुळ्यात पाच मतदारसंघ आहेत. निवडणूक आयोगाच्या अहवालांतून जुने निकाल मिळतात आणि जिल्हा निवडणूक शाखेकडे केंद्रनिहाय आकडे मागता येतात. गावातल्या वृद्धांच्या आठवणी मात्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाहीत. प्रत्येक मतदारसंघातून एकेका शिक्षकाने, पत्रकाराने किंवा कॉलेजच्या पोराने एक वही घालावी, आणि लिहून झाली की तिची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.