आधी शेत, मग घर, शेवटी रेषा : क्षेत्रफळाचा एक पाठ



आमच्या वर्गाच्या खिडकीतून मागच्या वर्षीपर्यंत ज्वारी दिसायची. यंदा तिथे चुन्याच्या रेषा आखल्यात आणि 'एनए प्लॉट'चा बोर्ड लागलाय. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, घरं बांधायची म्हटलं की शेत जाणारच ना?" माझ्या तोंडावर 'हो' आलंच होतं. पण क्षेत्रफळाचा पाठ चालू होता. म्हटलं, मोजूनच बघू.

साहित्य : चौकटीची वही, पेन्सिल, रंगीत खडू.

कृती : 10 × 10 चौकटींचा चौरस आखायचा. एक चौकट म्हणजे 1 गुंठा. 40 गुंठ्यांचा 1 एकर, म्हणजे ही झाली अडीच एकर जमीन. त्यात एक विहीर, एक चिंचेचं झाड आणि कडेने ओढा दाखवायचा. या जागेत 20 घरं बसवायची.

पहिली पद्धत : प्रत्येक घराला 4 गुंठे. 20 × 4 = 80 गुंठे. रस्त्यांना 20 गुंठे. शिल्लक शून्य! विहीर कुणाच्या तरी कंपाउंडात गेली, चिंच रस्त्यात आली.

दुसरी पद्धत : प्रत्येक घराला 2 गुंठे. 20 × 2 = 40 गुंठे. घरं जवळ आली, त्यामुळे रस्ते कमी लागले, ते 10 गुंठे धरले. शिल्लक 50 गुंठे. घरं तेवढीच, पण अर्धी जमीन वाचली!

मुलं दोन मिनिटं वहीकडे बघतच राहिली.

हे खरंच कुठे झालंय का? अमेरिकेतले नियोजनकार रँडल अरेंट यांनी 1990 च्या दशकात हीच गोष्ट चार पायऱ्यांत मांडली. आधी जपायची जागा ठरवा : ओढा, झाडं, कसदार जमीन. मग घरांच्या जागा ठरवा. मग रस्ते जोडा. प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी रेषा, आणि पुष्कळदा उरलेला वेडावाकडा कोपरा म्हणजे 'ओपन स्पेस'.

शिकागोच्या उत्तरेला ग्रेजलेक गावाजवळ 'प्रेअरी क्रॉसिंग' ही वसाहत आहे. सुमारे 677 एकर जागेत 359 स्वतंत्र घरं. निम्म्याहून बरीच जास्त जमीन राखून ठेवली आहे, आणि त्यात सुमारे 100 एकरांवर सेंद्रिय शेती होते.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपलं जुनं गाव आठवा. मध्ये दाटीवाटीचं गावठाण, भोवती शिवार, एका बाजूला गायरान. भिंतीला भिंत लागलेली घरं आणि बाहेर पडलं की रान. मुलांनी हे स्वतःच ओळखलं, "बाई, हे तर आजीच्या गावासारखं झालं!"

अवघड प्रश्न : एका मुलीने विचारलं, "वाचलेली जमीन पुढच्या वर्षी कुणी विकली तर?" हाच खरा प्रश्न आहे. नकाशावर हिरवा रंग देऊन जमीन वाचत नाही. तिथल्या अशा वसाहतींत 'या जमिनीवर कधीच बांधकाम होणार नाही' असा कायदेशीर करार नोंदवतात. जमीन पुढे विकली तरी तो करार नव्या मालकालाही लागू राहतो.

दुसरा प्रश्न एका पालकांचा. ते स्वतः शेतकरी. म्हणाले, "बाई, लहान प्लॉटला पैसे कमी येणार. माझ्या मुलीचं शिक्षण कोण करणार?" त्यांचं चूक नाही. रस्ता, गटार, पाण्याची लाईन यांचा खर्च वाचतो, समोर कायम मोकळं रान राहणार म्हणून भावही बरा येऊ शकतो. पण खात्री देता येत नाही, आणि मी ती दिली नाही. शेत वाचवण्याचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणं बरोबर नाही, एवढं मात्र वर्गात स्पष्ट बोलले.

घरचा अभ्यास : पालकांनी मुलांसोबत आपल्या जवळचा एखादा नवा लेआउट फिरून बघावा. पावलांनी मोजावं. रस्त्यात किती जागा गेली? मोकळी जागा कुठे आहे, आणि तिथे खेळता येतं का? जुनी विहीर, ओढा कुठे गेला? मग वहीत तीच घरं बसवून पुन्हा आखावं, रेषा शेवटी.

तुमच्या वर्गात किती गुंठे वाचले, ते जरूर कळवा. आमच्या एका गटाने 54 वाचवलेत!