स्वमग्न मूल आणि घरची शिकवण

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात मूल स्वमग्न असल्याचे कळते, तेव्हा आईबाप प्रथम चांगल्या उपचारकाचा शोध घेऊ लागतात. तो मिळाला तरी आठवड्यातून दोनतीन तासच मिळतो; बाकीचा सारा वेळ मूल घरीच असते. मग आईबापांनाच उपचारक होता येईल काय?

या प्रश्नाची पद्धतशीर पाहणी गोव्यात झाली आहे. तेथील ‘संगाथ’ संस्थेने व रावळपिंडी येथील संशोधकांनी २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांविषयी केलेला अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूळ पद्धत इंग्लंडमधील. येथे ती तज्ज्ञांऐवजी खास शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांपर्यंत नेली. सहा महिन्यांत बारा बैठका झाल्या.

आई मुलाशी खेळत असता चित्रण करावयाचे व नंतर तिच्यासह ते पाहावयाचे, एवढीच त्यातील युक्ती. मुलाने चेंडूवरून नजर उचलून क्षणभर आपल्याकडे पाहिले होते आणि आपण मात्र “रंग कोणता?” असे विचारीत होतो, हे तिला तेथे दिसते. प्रश्न व हुकूम कमी करावेत, मूल ज्यात रमले त्याविषयीच दोन सोपे शब्द बोलावेत आणि थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड. आपली माया फार बोलकी असते!

पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळला व मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. तेव्हा हा रामबाण उपाय नव्हे.

पालकांनी शिकवावे याचा अर्थ दोष त्यांचा, असा मुळीच नाही. स्वमग्नतेचे मूळ शरीरात आहे, असे बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञ पित्याने १९६४ मध्येच मांडले. तरी १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांचा ग्रंथ आईकडेच बोट दाखवीत होता. पाप कोणाचे, हा शिष्यांचा प्रश्न प्रभूने योहानाच्या ९ व्या अध्यायात नाकारला आहे. मंडळीत तो पुन्हा कुजबुजला जाऊ नये.

आणखी एक. बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणून घरचे मराठी बंद करण्याचा सल्ला पुष्कळांना मिळतो. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, असे संशोधनात आढळलेले नाही. सुटीत आलेल्या आजीलाही जमिनीवर बसून मराठीतच हा खेळ खेळता येईल.