दर्शनी दाराची कडी-कुलपे

नवे दार करावयाचे ठरले म्हणजे लाकूड कोणते घ्यावे, नक्षी कशी असावी, यावर घरात आठ-आठ दिवस खल होतो. कडी-कोयंडा आणि कुलूप मात्र सुतार मागेल त्या दिवशी कोणीतरी घाईने बाजारातून घेऊन येतो. हे आम्हांस योग्य वाटत नाही; कारण आता प्रश्न केवळ चोराचा राहिलेला नाही. मुले इंदुरास, पुण्यास किंवा त्याहूनही दूर आणि घरी दोनच वृद्ध माणसे, अशी कुटुंबे धार व देवास येथील आपल्या मंडळींत पुष्कळ आहेत. दाराने परक्यास अडवावे हे खरे. परंतु आतले माणूस पडले असता शेजाऱ्यास आत येता यावे, हेही तितकेच आवश्यक आहे.

जुन्या वाड्यातील दाराकडे पाहावे. दाराआड भिंतीच्या एका भोकातून ओढून समोरच्या भोकात सारावयाचा जाड लाकडी अडसर असे. बाहेरून कितीही धक्के बसले तरी त्यांचा जोर भिंतीवर जाई. आजच्या दारावर तोच जोर चार बारीक स्क्रूंवर येतो. चोर बहुधा कुलूप उघडत बसत नाही. तो पहारीने कोयंडाच उखडतो आणि महागडे कुलूप जसेच्या तसे कोयंड्यात लोंबत राहते. म्हणून आमचे सांगणे असे की, कुलपाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी चौकट भिंतीत पक्की आहे ना, तिच्या लोखंडी पट्ट्या काँक्रीटमध्ये नीट बसवल्या आहेत ना, हे पाहावे. बाहेरचा अल्द्राप दाराच्या आरपार जाणाऱ्या गोल डोक्याच्या बोल्टांनी बसवावा व नट आतल्या बाजूस यावेत. जिथे स्क्रूच लावावे लागतील तिथे ते निदान तीन इंचांचे असावेत. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागरीची दांडी बाहेर राहते व ती ठोकून काढता येते. असे दार शक्यतो करू नये.

दोन झडपांच्या दारात आणखी एक गोष्ट राहून जाते. देवासकरांस हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्यांच्या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत शेजारी-शेजारी नांदली! एका झडपेचे कुलूप दुसरीत अडकते. ती दुसरी जर वर-खाली बोल्टांनी पक्की नसेल, तर दोन्ही झडपा मिळून एका धक्क्याने उघडतात.

आता कुलूप. टांगते कुलूप घ्यावयाचे तर त्याच्या पोटात लिव्हर किती, हे विचारावे. लिव्हर म्हणजे लहानशा पट्ट्या. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच कुलूप उघडते. पट्ट्या जितक्या अधिक, तितकी खोटी किल्ली लागणे कठीण. गोदरेज कंपनीचे ‘नवताल’ १९५४ साली निघाले ते याच जातीचे. अलीगढची कुलपेही चांगली मिळतात, पण कडी जाड व पोलादी आहे की वर नुसता मुलामा आहे, हे पारखून घ्यावे. टांगत्या कुलपाचा एक दोष मात्र कितीही पैसे मोजले तरी जात नाही: घरात कोणी नाही, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास सांगते. दाराच्या जाडीत खाच पाडून बसवावयाचे, ज्यास बाजारात मॉर्टिस म्हणतात, ते कुलूप अशी चुगली करीत नाही. पण त्यास जाड दार हवे. सव्वा इंचाच्या फळीत एवढी खाच पाडली की दार नेमके तिथेच कमजोर होते.

धारेस लाट मशिदीच्या आवारात प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. १४०५ साली बांधलेल्या मशिदीपेक्षाही हा स्तंभ जुना आहे आणि इतकी शतके ऊनपाऊस सोसूनही तो गंजून गेलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे, असे धातुशास्त्रज्ञ त्याचे कारण देतात. आपल्या बाजारातील साध्या लोखंडाकडून ही अपेक्षा ठेवू नये. पावसाच्या तोंडाला असलेल्या दारास पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे सामान लावावे. माळव्यातील पावसाळ्यात लाकूड फुगते व कडी आपल्या भोकासमोर येत नाही, म्हणून बसवतानाच थोडी जागा सोडावी. कुलपात खोबरेल घालण्याची चाल वाईट. त्यावर धूळ बसून चिकटा होतो. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड पुष्कळ बरी.

राहिली रात्रीची गोष्ट, आणि हीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वृद्ध माणसे निजण्यापूर्वी वरची कडी, मधला अल्द्राप व खालचा बोल्ट, सारे आतून लावून घेतात. मग न्हाणीघरात पाय घसरला तर हाक ऐकूनही शेजारी बाहेरच राहतात. दार फोडीपर्यंतचा वेळ फुकट जातो. यावर उपाय असा की, बाहेरून किल्लीने व आतून हाताने मूठ पिळून उघडणारे कुलूप बसवावे, रात्री तेवढेच लावावे आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. दोन्हीकडून किल्ली लागणारे कुलूप नको. त्यात आतून किल्ली राहिली तर पुष्कळदा बाहेरची किल्ली चालत नाही, आणि आगीच्या धुरात आतली किल्ली शोधणे तर दूरच. ओढताच आपोआप लागणाऱ्या लॅचपासूनही जपावे. मूल आत, आई बाहेर आणि शेगडी पेटलेली, असा प्रसंग त्यामुळे ओढवतो. लॅच घ्यावयाचेच असेल तर जीभ आत अडकवून ठेवणारा खटका असलेले घ्यावे. बॅटरीवर चालणाऱ्या अंकांच्या कुलपासही साधी किल्ली लागते ना, हे विचारावे. बाहेर जाळीचे दार असेल तर त्यालाही हेच सर्व लागू आहे, नाहीतर शेजारी किल्ली हाती घेऊन जाळीपाशीच थांबेल.

काम पुरे झाले की सुताराचा हिशेब चुकता करण्यापूर्वी संध्याकाळी दिवे मालवून घरातील सर्वांत वयस्कर माणसास ते दार आतून एकट्याने उघडावयास सांगावे. नंतर ते पुन्हा आतून लावून घेऊन शेजाऱ्यास किल्लीने बाहेरून. दोघांनाही जमले, तर पैसे द्यावेत.