आमवाताची रक्तचाचणी : भाईंदर पश्चिमेला खर्च किती?

सकाळी मूठ वळत नाही, बोटांचे सांधे सुजलेत, आखडलेपणा तासभर तरी सुटत नाही आणि असं सहा आठवडे चाललंय? मग 'वय झालं' म्हणून अंगावर काढू नका. ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसची सुरुवात असू शकते. पण लॅबच्या आधी डॉक्टरांकडे जा. सूज कुठे आहे हे त्यांनी दाबून पाहिल्याशिवाय रक्ताचे आकडे अर्धवटच.

आमवाताचा संशय असेल तर सहसा या चार रक्तचाचण्या सांगतात. खासगी लॅबमध्ये त्यांचे साधारण दर असे : ईएसआर १०० ते २०० रुपये, सीआरपी ४०० ते ७००, आरए फॅक्टर ४०० ते ८००, अँटी-सीसीपी १,००० ते २,०००. सगळं मिळून दोन ते पावणेचार हजार धरून चला. या चाचण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही.

'संधिवात पॅकेज' स्वस्त दिसलं तरी यादी वाचा. त्यात युरिक अॅसिड, कॅल्शियम, एएसओ असतं आणि नेमकी अँटी-सीसीपी नसते, असं बऱ्याचदा होतं. पैसे मोजायचे ते हिच्यासाठी. आरए फॅक्टर क्षयरोगात, हेपेटायटिस सीमध्ये, अगदी धडधाकट म्हाताऱ्या माणसातही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी सहसा अशी फसवत नाही, आणि काहींच्या रक्तात ती दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी सापडते. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, आकडा हवा. तो नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर निदानाच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्याला जास्त गुण मिळतात.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह आल्या म्हणून सुटलो असं समजू नका. आमवात असलेल्या बऱ्याच रुग्णांचं तसंच येतं. उलट, प्रत्येक सूज आमवाताचीच असते असंही नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन् महिने सुजतात.

खर्च झेपत नसेल तर भाईंदर पश्चिमेलाच टेंब्याच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आधी दाखवा आणि यांपैकी काय तिथे होतं ते विचारा. पुढे तज्ज्ञ लागले तर परळच्या केईएम रुग्णालयात सांधेविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. दादरला उतरून जाता येतं.

अँटी-सीसीपी एकदा पॉझिटिव्ह आली की दर महिन्याला करण्यात अर्थ नाही. औषध लागू पडतंय का, हे पाहायला रक्तचाचण्यांपैकी सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी सहसा पुरतात. कोणी पुन्हा सगळं पॅकेज लिहून दिलं, तर कशासाठी ते विचारा.