मळणीचा बैल आणि कामगाराचा वाटा



दरवर्षी एलुल महिन्यात आपण सिनेगॉगमध्ये 'की तेत्से' ही पाराशा ऐकतो. हिच्यात एकंदर 74 आज्ञा मोजल्या आहेत. त्यांपैकी तीन आज्ञा कष्टकऱ्याच्या पोटाशी निगडित आहेत. आज त्या तिन्हींचा एकत्र अभ्यास करू.

पहिली आज्ञा (देवारीम 23:25-26): दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस. आपल्या हाखामीमांनी ही आज्ञा मळ्यात काम करणाऱ्या मजुराला लागू केली. दुसरी (24:14-15): गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे. तिसरी (25:4) अगदी लहान आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नकोस.

मुसके म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगायला नको. कोकणात आपले पूर्वज तेलघाणे चालवीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड असे. ती त्याला गरगरू नये म्हणून. मुसके मात्र त्याने खाऊ नये म्हणून बांधतात. तोरा सांगते, ज्याच्या पायांखाली धान्य मोकळे होते त्याच्या तोंडाला त्यातले चार घास लागू द्या. जनावराला जर एवढा हक्क, तर माणसाला किती?

मिश्नेतील बाबा मेत्सियाच्या सातव्या अध्यायात याचा खुलासा आहे. शेतात पीक काढणाऱ्या मजुराला ठरलेली मजुरी तर मिळायचीच. शिवाय ज्या पिकावर तो काम करतो त्यातून खाण्याचा त्याला हक्क आहे. हा हक्क मालकाची मेहेरबानी नव्हे. मग प्रश्न निघाला, मजुरीपेक्षा जास्त किमतीचे खाल्ले तर? रब्बी एलाझार हिस्मा म्हणाले, तसे करू नये. इतर हाखामीमांनी परवानगी दिली, पण मजुराला एक शहाणपणही शिकवले: इतका अधाशीपणा करू नये की पुढे आपल्याला कोणी दारात उभे करणार नाही.

आता हीच गोष्ट कारखान्यात पाहू. समजा, दहा कामगार दिवसाला 1000 मीटर कापड काढीत होते. नवीन यंत्र आले, कामाची मांडणी सुधारली, आणि तेच दहाजण तेवढ्याच तासांत 1300 मीटर काढू लागले. याला उत्पादकता वाढली असे म्हणतात. तास वाढवून जास्त माल काढला तर ती उत्पादकता नव्हे, ते जादा काम. त्याचे पैसे वेगळे. वाढलेल्या 300 मीटरच्या किमतीतून सूत, वीज आणि यंत्राचा हप्ता वजा करावा. उरतो तो खरा फायदा. त्याला तीन वाटेकरी आहेत: भांडवल घालणारा मालक, स्वस्त माल घेणारे गिऱ्हाईक आणि यंत्रापाशी उभा राहणारा कामगार. पहिल्या दोघांनाच वाटा मिळाला, तर तिसऱ्याच्या तोंडाला मुसके बांधले असेच म्हणावे लागेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्राएलमध्ये आपण 'तोसेफेत योकेर' म्हणजे महागाईभत्ता ओळखतो. भाव शेकडा 10 चढले आणि पगारही शेकडा 10 वाढला, तर घरात पाव व दूध पूर्वीइतकेच येते. तो भत्ता आवश्यक आहेच, पण तो वाढीतला वाटा नव्हे. त्याने केवळ जुनी मजुरी टिकते. अमेरिकेत 1948 साली जनरल मोटर्स आणि मोटार कामगारांची युनियन यांनी करार केला, त्यात ही दोन कलमे वेगवेगळी ठेवली होती. एक महागाईसाठी, दुसरे उत्पादकतेच्या वाढीबद्दल दरवर्षी तासाला 3 सेंट वाढ देण्याचे. 1950 साली पाच वर्षांचा नवा करार झाला, त्यातही हे तत्त्व कायम राहिले. हिशेब आधी ठरलेला असल्याने दरवर्षी नव्याने भांडावे लागत नाही.

वाटा कसा द्यावा? मिश्नेत याचेही मार्गदर्शन आहे. मजूर खाण्याच्या हक्काऐवजी पैसे ठरवून घेऊ शकतो. स्वतःसाठी आणि मोठ्या मुलांसाठी त्याला असे ठरवता येते, कारण त्यांना समज आहे. लहान मुलांसाठी मात्र नाही, कारण आपण काय सोडून देत आहोत हे त्यांना कळत नाही. यावरून आम्ही असा बोध घेतो की, कामगाराने काही सोडले तर ते समजून सोडलेले असावे. म्हणून कारखान्याचा हिशेब त्याला दाखवला पाहिजे. डोळ्यांवर झापड ठेवून घेतलेल्या सहीला संमती म्हणता येणार नाही.

त्याच अध्यायात रब्बी योहानान बेन मात्या यांची गोष्ट आहे. त्यांच्या मुलाने मजूर आणले आणि जेवण देण्याचे कबूल केले. वडील म्हणाले, तू त्यांना शलोमो राजाच्या थाटाची मेजवानी दिलीस तरी तुझे देणे फिटणार नाही, कारण हे अब्राहाम, इसहाक व याकोब यांचे वंशज आहेत. कामाला सुरुवात होण्यापूर्वी अट स्पष्ट कर. रब्बान शिमोन बेन गामलिएल यांच्या मते तशी गरज नव्हती. सर्व काही त्या गावच्या रिवाजाप्रमाणे चालते. म्हणजे रिवाज चांगला पाडणे हेदेखील आपलेच काम ठरते.

आपल्यापैकी कित्येकजण गिरण्यांत व कारखान्यांत राबले. आज कित्येकांच्या मुलांचे स्वतःचे धंदे आहेत, घरी कामाला माणसे आहेत. म्हणून ही पाराशा आता दोन्ही बाजूंनी वाचावी. कामगाराने भांडे भरून नेऊ नये. मालकाने मुसके बांधू नये.

शब्बाथच्या जेवणाच्या वेळी मुलांना हे प्रश्न विचारावेत:
1. महागाईभत्ता आणि वाढीतला वाटा यांत फरक काय?
2. यंत्रामुळे दहापैकी तिघांचे काम गेले, तर त्यांचा वाटा कोणी द्यावा?
3. आपल्या घरी काम करणाऱ्याची मजुरी आपण वेळेवर देतो काय?