आत्म्याचे वजन आणि तराजू

घरात मृत्यू झाला की मन हळवे होते. अशा वेळी कोणी सांगते, “आत्म्याचे वजन २१ ग्रॅम असते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.” मग सोडून दिलेले पिंडदान याच दाखल्याने पुन्हा उंबऱ्याशी येते. म्हणून हा दाखला तपासून पाहू या.

अमेरिकेतील हॅवरहिल येथील डॉक्टर डंकन मॅकडुगल यांनी १९०१ पासून मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवून वजन घेतले. १९०७ साली निष्कर्ष छापले. रुग्ण किती? अवघे सहा! दोघांची मोजणी त्यांनीच बाद धरली. एकाचे वजन पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम घटले. उरलेल्यांत कोणाचे घटून पुन्हा भरले, कोणाचे नंतरही घटत राहिले. लोकांनी मात्र तो एकच आकडा उचलला. डॉ. ऑगस्टस क्लार्क यांनी तेव्हाच आक्षेप घेतला की, श्वास थांबताच शरीर तापते व घाम सुटतो. वजन त्यानेही घटेल.

मॅकडुगल यांनी वेगळा प्रश्न विचारला, यात दोष नाही. आणखी पुष्कळ प्रयोग हवेत, असे तेही म्हणाले होते. जाणीव म्हणजे काय, याचा शोध आजही चालू आहे. परंतु केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नये, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी शास्त्रज्ञाच्या नावालाही लावा. कोणी २१ ग्रॅम म्हटले, तर शांतपणे विचारा: किती जणांचे वजन केले? आणि बाकीच्यांचे काय झाले?